सेवेचा गौरव आणि सेवकाची जागा

संतवाङ्मयाच्या समीक्षेत एक विधान इतक्या वेळा केले गेले आहे की ते तपासावे असे कुणाला वाटत नाही. सावत्याने मळ्यात, गोरोबाने चाकावर, सेना न्हाव्याने धोपटीत, जनाबाईने जात्यापाशी देव पाहिला. म्हणून वारकरी पंथाने सर्व कामांना सारखी प्रतिष्ठा दिली, असे ते विधान. ते सर्वस्वी खोटे नाही. श्रम काव्याचा विषय होणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. परंतु चोखामेळ्यापाशी आणून उभे केले की हे विधान लटपटू लागते.

मंगळवेढ्यास कुसवाच्या कामावर भिंत कोसळून चोखोबा गाडला गेला, असे परंपरा सांगते. नामदेवाने विठ्ठलनाम उमटणारी त्याची हाडे ओळखून पंढरपुरी आणली, ही कथा ऐकताना आजही डोळे पाणावतात. पण समाधी झाली ती महाद्वारासमोर, बाहेर. नामदेवही पायरीशीच आहे, असे कुणी म्हणेल. नामदेवाने ती जागा मागून घेतली, असे सांगतात. चोखोबापुढे निवडच नव्हती. हाडे पवित्र ठरली, उंबरा मात्र बंद राहिला. तो उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

गौरव झाला तो सेवेचा. सेवकाची जागा हलली नाही. ही गोम कर्ममेळ्याने ओळखली होती. बापाच्या अभंगात आर्जव आहे, लेकाच्या अभंगात जाब आहे. हीन यातीत घालून वर भक्ती घेणाऱ्या देवाला तो हिशेब विचारतो. आपली समीक्षा मात्र आर्जवावर थांबते, जाबाला बगल देते.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. आणि १९५६ साली वाट धरली ती बुद्धाची. यात विसंगती नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या धम्मग्रंथात उपालीची कथा आहे. उपाली शाक्यांचा न्हावी. आपला अभिमान गळावा म्हणून शाक्यकुमारांनी त्याला आधी दीक्षा द्यायला लावली आणि मग त्याला वंदन केले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचे काम त्याच्याकडे आले. इथे वस्तऱ्याला पवित्र म्हणून माणसाला वस्तऱ्याशी जखडले नाही. उलट, अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्षूला खुद्द बुद्धाने आनंदाच्या साहाय्याने धुतले, असे महावग्गात आहे. हलके मानलेले काम वरच्याने करावे आणि खालच्याला ते सोडता यावे, तेव्हाच सेवेची समता खरी.

हा निकष संघालाही लावावा लागतो. शंभर वर्षांच्या भिक्षुणीने त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावे, हा विनयातील नियम उपालीच्या कथेशी कसा जुळतो?

आणि तो आपल्या विहारालाही लावावा लागतो. बुद्धजयंतीला पहाटेपासून झाडलोट, चुलीपाशी खीर, सतरंज्या, पाणी हे सारे बायकांकडे. व्यासपीठ, माइक आणि हारतुरे पुरुषांकडे. आभारप्रदर्शनात 'माता-भगिनींच्या सेवेचा' गौरव होतो, टाळ्या पडतात. या टाळ्यांचा आवाज आपल्या ओळखीचा आहे. तो महाद्वाराशी ऐकलेला आहे. येत्या जयंतीला झाडू कुणाच्या हाती आणि माइक कुणाच्या, एवढे प्रत्येकाने मोजून पाहावे.