डॉल्फिन दाखवण्याची हमी

नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, विज्ञान प्रदर्शनाचेही होते. सहलीचे मात्र होत नाही. परत आल्यावर 'मजा आली का?' एवढे विचारले जाते, मुले 'हो' म्हणतात, आणि तेवढ्यावर भागते. परंतु सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्याकडे जाणाऱ्या अनेक शालेय सहलींत 'डॉल्फिन दर्शन' हा तासाभराचा प्रकार आता ठरून गेला आहे, आणि पालकांना दिलेल्या पत्रकात तो बहुधा 'निसर्ग अभ्यास' म्हणून छापलेला असतो. अभ्यास म्हणून जे दाखवले जाते त्याची अभ्यास म्हणून तपासणी व्हायला हवी. माझे स्वतःचे संशोधनाचे क्षेत्र वेगळे आहे. पण मोजमाप आणि निरीक्षण या गोष्टी सगळ्या शास्त्रांना समानच असतात.

कार्यक्रम साधारण असा असतो. तारकर्ली-देवबागला कर्ली नदीच्या खाडीत होडीत बसायचे, लाइफ जॅकेट चढवायचे, नदी समुद्राला मिळते तो संगम ओलांडून बाहेर पडायचे. थोड्याच वेळात आणखी होड्या दिसू लागतात. कोणीतरी 'तो बघा!' म्हणून ओरडते. सगळ्या होड्यांची तोंडे तिकडे वळतात, इंजिने जोरात सुटतात, आणि तिथे पोहोचेपर्यंत पाणी मोकळे झालेले असते. मग दुसऱ्या दिशेला ओरडा होतो. मुले एका बाजूला धावली की होडी कलते, होडीवाला रागावतो. असे चार-पाच वेळा झाले की परतायचे. फोटोत बहुतेक वेळा नुसते पाणी येते.

या सगळ्यात होडीवाल्याचे जे निवेदन चालते त्यातली तीन वाक्ये जवळपास सगळीकडे ऐकू येतात : डॉल्फिन हा फार हुशार मासा आहे, तो माणसांना बघायला वर येतो, आणि आनंद झाला की उड्या मारतो.

पहिल्या वाक्यावर हसणे सोपे आहे. डॉल्फिन मासा नाही, हवेत श्वास घेणारा आणि पिलाला दूध पाजणारा प्राणी आहे, हे अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. पण आपण तरी 'देवमासा' म्हणतोच की! भाषा पाण्यातल्या बहुतेक प्राण्यांना मासा म्हणते, त्यात होडीवाल्याचा दोष नाही. खरी अडचण अशी की डॉल्फिन मासा नाही याचा पुरावा त्या वेळी मुलांच्या डोळ्यांसमोर असतो आणि तो कोणी दाखवत नाही. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. म्हणून डॉल्फिन पाण्याबाहेर येतो तेव्हा त्याची पाठ कमानीसारखी वाकलेली दिसते. धावत्या कुत्र्याचा कणाही असाच वर-खाली वाकतो. जमिनीवर चालणाऱ्या पूर्वजांचा कणा घेऊन हा प्राणी समुद्रात गेला आहे. एक कमान नीट पाहिली तर उत्क्रांतीचा अख्खा तास त्यात मिळतो.

दुसरे वाक्य त्याहून बिघडलेले आहे. डॉल्फिन वर येतो तो श्वासासाठी. त्याला कल्ले नाहीत. त्याची नाकपुडी डोक्याच्या माथ्यावर असते आणि पाण्याखाली बंद राहते. वर आला की क्षणात उच्छ्वास, लगेच श्वास, आणि पुन्हा खाली. एका श्वासात तो फुफ्फुसातली तीन-चतुर्थांशाहून अधिक हवा बदलू शकतो. आपण स्वस्थ बसलेले असताना त्या मानाने फारच थोडी बदलतो. होडी शांत असेल आणि अंतर थोडे असेल तर तो उच्छ्वास ऐकू येतो, 'फुस्स' असा. इंजिन चालू असताना अर्थातच येत नाही. म्हणजे या प्राण्याची सस्तन असण्याची सगळ्यात सोपी खूण आपणच पुसून टाकतो.

आणि उड्या? आपल्या किनाऱ्यालगत प्रामुख्याने दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन, शास्त्रीय नाव सूसा प्लम्बिया. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटासा पर, रंग राखाडी, लांबी अडीच मीटरच्या आसपास. हा उथळ पाण्यातला, साधारण २५ मीटरपेक्षा कमी खोलीत राहणारा प्राणी आहे. होडीपुढे शर्यत लावल्यासारखे पोहणे किंवा हवेत उंच झेपावणे हा त्याचा नेहमीचा स्वभाव नाही; होड्यांपासून तो जरा दूरच असतो. जाहिरातीच्या फलकांवर झेप घेणारा आणि हसरा दिसणारा डॉल्फिन असतो तो बहुधा बॉटलनोज जातीचा, मत्स्यालयातल्या खेळांमुळे जगभर ओळखीचा झालेला. त्याचे हसूही जबड्याच्या आकारामुळे दिसते, त्याच्या मनःस्थितीशी त्याचा संबंध नाही. तेव्हा फलकावर एक जात आणि पाण्यात दुसरी, असा हा प्रकार आहे. मुले उडीची वाट पाहत राहतात आणि समोरची कमान त्यांना 'नीट न दिसलेला डॉल्फिन' वाटते. फिनलेस पॉरपॉइज या त्याच्याच दूरच्या भाऊबंदाची तर दखलही घेतली जात नाही. त्याला पाठीवर पर नसतो, तो उड्या मारत नाही, आणि सहलीच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नसतो.

आता थोडे गणित करू. हम्पबॅक डॉल्फिनची नेहमीची बुडी ४० ते ६० सेकंदांची असते, क्वचित काही मिनिटांची. वर तो दिसतो फार तर दोन सेकंद. मिनिटाला दोन सेकंद धरले तर अर्ध्या तासात एक प्राणी एकूण एक मिनिट दिसणार. बाकीची एकोणतीस मिनिटे तो खाली आहे. आता समजा तो तासाला ५ किलोमीटर वेगाने पोहतो आहे. एका मिनिटात तो सुमारे ८३ मीटर जाईल, कोणत्या दिशेला ते आपल्याला माहीत नाही. तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर क्षेत्रफळ २१,००० चौरस मीटरच्या वर जाते, म्हणजे पाच एकरांहून जास्त. जिथे तो दिसला त्या बिंदूकडे होडी धावडवणे म्हणजे पाच एकरांच्या वावरात तो जिथून निघून गेला तीच जागा गाठणे होय. त्यापेक्षा जागीच थांबून चारी बाजूंना चार मुलांनी नजर ठेवली तर शक्यता अधिक. हे गणित आठवीच्या वर्गात फळ्यावर करता येते, आणि माझ्या मते सहलीला निघण्यापूर्वी करावेच.

पाठलाग त्याला कसा वाटत असेल? पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. गढूळ, उथळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग मर्यादित. म्हणून डॉल्फिन टकटक असे आवाज सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे आहे, तळ किती खोल आहे हे ओळखतो. परतणारा ध्वनी त्याच्या खालच्या जबड्यातल्या चरबीतून आतल्या कानाकडे पोहोचतो. एकमेकांशी संपर्क ठेवायलाही तो शिट्ट्या वापरतो. अशा प्राण्याभोवती सहा-सात इंजिने फिरवणे म्हणजे भर वर्गात सहा-सात मिक्सर लावून फळ्यावरचे दिवेही घालवण्यासारखे आहे. एक किलोमीटरवरची आपली होडी त्याला पाऊण सेकंदाच्या आत कळलेली असते.

याचे परिणाम मोजलेले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे येथे बॉटलनोज डॉल्फिनांचा अभ्यास वर्षानुवर्षे चालू आहे. तिथे पर्यटक नेणारी एकही होडी नसतानाचा, एक व्यावसायिक असतानाचा आणि दोन असतानाचा काळ यांची तुलना करण्यात आली, शेजारचा पर्यटन नसलेला भाग तुलनेला ठेवून. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन व्यावसायिक झाल्यावर पर्यटनाच्या भागातली डॉल्फिनांची संख्या सरासरी १५ टक्क्यांनी घटली. त्यानंतर सरकारने एक परवाना कमी केला. लक्षात घ्या, तिथे व्यावसायिक फक्त दोन होते, आणि तेही परवानाधारक. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी एकाच कळपाभोवती किती होड्या असतात ते वाचकांनी आठवून पाहावे.

तरीही होडीवाल्याला खलनायक करून लेख संपवणे मला मान्य नाही. एक तर या डॉल्फिनला खरा मोठा धोका पर्यटकांपासून नाही, जाळ्यांपासून आहे. पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्यांत तो अडकतो, श्वासासाठी वर येता येत नाही आणि गुदमरून मरतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते, गर्भकाळ दहा ते बारा महिन्यांचा, आणि दोन पिल्लांमध्ये सुमारे तीन वर्षांचे अंतर. अशा प्राण्याची थोडी जास्तीची मरतूकही भरून निघत नाही. आययूसीएनने २०१७ साली त्याला 'संकटग्रस्त' ठरवले ते मुख्यतः यामुळे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहे. पण जाळ्याला कायदा वाचता येत नाही.

देवमाशांचीही गोष्ट अशीच आहे. आपल्याकडून हल्ली बरेच लोक श्रीलंकेला जातात आणि दक्षिण टोकाच्या मिरिसाहून निळे देवमासे पाहायला बोटीने निघतात. तिथेही पर्यटक-बोटींच्या गर्दीची तक्रार आहेच. परंतु अधिक घातक ठरतात ती त्याच पाण्यातून जाणारी प्रचंड मालवाहू जहाजे. २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजे तिथून आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे थोडी वाट मोकळी झाली.

दुसरे असे, की होडीवाला पाठलाग करतो तो आपल्यामुळे. 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत' ही हमी कोणी मागितली? मालवणकडच्या एका होडीवाल्याला मी इंजिन बंद ठेवायला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सायबानू, डॉल्फिन दिसलो नाय तर लोका पैशे देणत नाय." त्याचे म्हणणे सरळ आहे. मासेमारीचे उत्पन्न बेभरवशाचे झाले, होडीचे हप्ते आहेत, मोसम पावसाळ्याआधी संपतो. दर्शनावर पैसे ठरले की होडी दर्शनाच्या मागे धावणार. या सहलीतला मुख्य दोष मला हा वाटतो. चुकीचे निवेदन, फलकावरचा परका डॉल्फिन, इंजिनांची गर्दी हे सारे त्याच्या पोटी येते. प्राण्याने ठरलेल्या वेळी हजर व्हायचे ही सर्कशीची अट आहे. डॉल्फिनांचे खेळ करणाऱ्या तलावांना परवानगी द्यायची नाही असे केंद्र सरकारने २०१३ साली ठरवले, ते योग्यच झाले. मात्र तलावाची अट आपण समुद्रात नेऊन ठेवली आहे.

नियम करता येत नाहीत असे नाही. न्यूझीलंडने १९९२ सालीच ते केले : सागरी सस्तन प्राण्यांच्या ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त नौका नकोत, वेग लाटा न उठवणारा हवा, जायचे ते मागून किंवा बाजूने. आपल्याकडे असे नियम अमलात येईपर्यंत शिक्षकांच्या हातात एक गोष्ट आहे, ती म्हणजे सौदा. पैसे तासाचे द्यायचे, डॉल्फिन दिसो वा न दिसो, आणि हे होडीत बसण्यापूर्वी स्पष्ट सांगायचे. बदल्यात मागायचे एवढेच, की कळप दिसला की होडी दूरच मंद करावी आणि इंजिन बंद करून थांबावे. हे मी करून पाहिले आहे. सकाळी वारा सुटण्यापूर्वी समुद्र सपाट असताना एकाने घड्याळ धरावे, दुसऱ्याने वही. प्रत्येक श्वासाची वेळ लिहिली की बुडीची सरासरी निघते, कमीत कमी आणि जास्तीत जास्त निघते. पराच्या कडेवरचे ओरखडे, खाचा दिसल्या तर त्यांचे चित्र काढावे. या खुणांचे फोटो घेऊनच संशोधक एकेक डॉल्फिन वेगळा ओळखतात, सिंधुदुर्गातही तसे काम झाले आहे. काही न दिसल्यास तेही वेळेसह लिहावे. प्राण्यांची गणती करणारे रिकाम्या तासांची नोंद टाकून देत नाहीत, कारण दहा तासांत पाच कळप आणि दोन तासांत पाच कळप यांचा अर्थ वेगळा होतो.

आणि थांबलेल्या होडीत होडीवाल्याला बोलते करावे. निवेदन नको, त्याला स्वतःला काय माहीत आहे ते विचारावे. कोणत्या महिन्यात कळप खाडीच्या तोंडाशी येतात, भरतीला की ओहोटीला, त्या वेळी कोणते मासे जाळ्यात मिळतात, डॉल्फिन जाळे फाडतात का, अडकलेला डॉल्फिन त्याने कधी सोडवला आहे का. यातले बरेच त्याला ठाऊक असते, आणि पर्यटक ते सहसा विचारत नाहीत. मुलांनी ही उत्तरे त्याच वहीत, त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावीत.