मॅमोग्राफी : २० टक्के कशाचे?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यातली एक आम्ही बाजूला काढून ठेवली होती. "वय ४६. काही त्रास नाही. मॅमोग्राफी करून घेऊ का?" एवढंच. सोबत तपासणी शिबिराचं एक गुलाबी पत्रक टाचलेलं. आज त्या पत्रकाचीच चिकित्सा करायची आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर घोटाळा होईल. स्तनात गाठ लागली, कातडी ओढली गेली, स्तनाग्र आत गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर आजचं काहीही ऐकत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. तिथे मॅमोग्राफी हवीच. आपण बोलतोय ते काहीच त्रास नसलेल्या बाईच्या तपासणीबद्दल.

पत्रकात लिहिलंय, मॅमोग्राफीने स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होतात. हे खोटं नाही. ब्रिटनमध्ये मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र समिती नेमली होती, तिने २०१२ मध्ये साधारण हाच आकडा दिला. पण २० टक्के कशाचे? दुकानात २० टक्के सूट म्हटलं की आपण आधी मूळ किंमत विचारतो. इथे ती कुणी विचारत नाही.

समितीचा हिशोब असा. पन्नाशीच्या १०,००० बायका घ्या आणि त्यांना पुढची २० वर्षं तपासणीला बोलवा. तपासणी नसती तर त्यातल्या दोनशेहून थोड्या जास्त बायका पुढे या रोगाने गेल्या असत्या. बोलावल्यामुळे त्यातल्या ४३ वाचतात. म्हणजे २३०-२३५ जणींमागे एक. त्रेचाळीस घरं वाचली, ही छोटी गोष्ट आम्ही मानत नाही. पण त्याच अहवालात दुसरा आकडा आहे, १२९. या १२९ जणींना कर्करोगाचं निदान होतं, पण तपासणी नसती तर त्यांना तो जन्मात कधी जाणवलाच नसता. एक वाचते, तिच्यामागे तीन जणी विनाकारण रोगी ठरतात. पत्रकात ४३ टक्केवारी होऊन आले. १२९ आलेच नाहीत.

हे कसं होतं? मॅमोग्राफीत कॅल्शियमचे बारीक कण दिसतात. सुई घातली की दुधाच्या नळीतच थांबलेल्या, बाहेर न पसरलेल्या पेशी सापडतात. त्यातल्या काही पुढे पसरतात, काही बाईच्या शेवटापर्यंत तशाच पडून राहतात. आज कुठली कुठल्या जातीची, हे खात्रीने सांगता येत नाही. मग सगळ्यांनाच शस्त्रक्रिया, बऱ्याच जणींना रेडिएशन, काहींना वर्षानुवर्षं गोळ्या. आणि गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर), या १२९ पैकी तक्रार कोण करणार? प्रत्येकीला वाटतं, आपण वेळेवर गेलो म्हणून वाचलो. ती चार मैत्रिणींना घेऊन येते. जितकं अनावश्यक निदान जास्त, तितके 'वाचलेल्या'चे अनुभव जास्त, आणि तेच पुढच्या पत्रकावर छापले जातात.

पत्रकातलं दुसरं वाक्य, 'लवकर निदान झालेल्या बहुतेक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात.' याने डॉक्टरसुद्धा फसतात. पुण्याहून मुंबईला निघालेली गाडी एकाने लोणावळ्याला पाहिली, दुसऱ्याने कल्याणला. पहिल्याला ती जास्त वेळ माहीत होती. म्हणून ती मुंबईला उशिरा पोचली का? निदान अलीकडे आणलं की निदानानंतरची वर्षं आपोआप वाढतात, आयुष्य वाढो न वाढो. म्हणून मोजायचे ते मृत्यू.

टीकाकारांनाही सोडायला नको. डेन्मार्कच्या पीटर गोत्शे यांनी कॉक्रेनसाठी केलेल्या आढाव्यात २,००० बायकांमागे दहा वर्षांत एक वाचते आणि दहा जणींना अनावश्यक उपचार होतात, असं मांडलं. ब्रिटनच्या आकड्यांहून हे बरंच कठोर. कुठल्या चाचण्या विश्वासार्ह धरायच्या आणि किती वर्षं मोजायचं, यावर फरक पडतो. एवढ्यावर मॅमोग्राफीच बंद करा म्हणणं आम्हाला पटत नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने सरसकट तपासणीचं वय २००९ मध्ये चाळिशीवरून पन्नाशीवर नेलं आणि २०२४ मध्ये परत चाळिशीवर आणलं. तेव्हा ठामपणे बोलणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता आपल्याकडे या. वरचे सगळे आकडे पाश्चात्त्य बायकांचे आहेत. आपल्याकडे हा रोग सरासरीने कमी वयात होतो, आणि तरुण स्तन दाट असतो. फिल्मवर तो पांढरा दिसतो, गाठही पांढरी. शिवाय आपल्याकडे खूप बायका येतात त्याच गाठ मोठी झाल्यावर. पत्रक या बाईचा विचारच करत नाही.

तो टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी केला. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायका, वय ३५ ते ६४. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत, असे चार फेरे. यंत्र नाही. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासलेल्या गटात रोग कमी वाढलेल्या अवस्थेत सापडला. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. सगळ्या वयांत मिळून घट १५ टक्के, पण ती योगायोगाची असू शकते इतपतच. पन्नाशीच्या आत फायदा दिसला नाही. (हेही २० टक्क्यांसारखेच टक्के आहेत, मूळ किंमत इथेही विचारा.)

तर चिठ्ठीवाल्या बाई, तुमचं उत्तर. आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तर तुमचा हिशोब वेगळा, तज्ज्ञाला भेटाच. नसेल, तर ४६ व्या वर्षी फायदा पन्नाशीपेक्षा कमी आणि खोट्या धोक्याच्या घंटा जास्त. नाही केलीत तर निष्काळजी ठरत नाही, केलीत तर घाबरट ठरत नाही. पण शिबिरात जाण्याआधी विचारा, फिल्म कोण वाचणार, आणि शंका आली तर सुईची तपासणी कुठे होणार? ब्रिटनमध्ये शंभरातल्या चौघींना पुन्हा बोलावतात आणि त्या चौघींपैकी एकीलाच कर्करोग निघतो, तेव्हा पुन्हा बोलावलं म्हणून त्या रात्री झोप घालवू नका. आणि काढलीत, तर फिल्म जपून ठेवा. पुढच्या वेळी जुनी शेजारी ठेवून पाहता आली, की अशी बोलावणी कमी होतात.