चला मुसद्दी – पण कुठे?

उर्दू शिकविणाऱ्या माणसाला 'मुसद्दीलाल' हे नाव ऐकले की क्षणभर थांबावेसे वाटते. मूळ शब्द अरबी, 'मुतसद्दी'. मोगल काळात मुतसद्दी म्हणजे दफ्तर सांभाळणारा, हिशेबनीस, कारकून. उत्तरेकडच्या बोलीत त्याचा 'मुसद्दी' झाला. आपल्या मराठीत तो 'मुत्सद्दी' झाला आणि येताना बढतीही घेऊन आला. राजकारणाचे डावपेच जाणणाऱ्याला आपण मुत्सद्दी म्हणू लागलो. 'ऑफिस ऑफिस' या मालिकेत मात्र हे नाव मिळाले ते अशा माणसाला, ज्याला दफ्तराची विद्या येत नाही आणि डावपेच तर मुळीच येत नाहीत. कारकुनाचे नाव लावणारा हा माणूस जन्मभर कारकुनाच्या खिडकीबाहेर उभा आहे. त्याचे दुःख आणि त्याच्यावरचा विनोद, दोन्ही या नावात आधीच आले आहेत.

ही मालिका २००१ साली सब टीव्हीवर सुरू झाली. दिग्दर्शक राजीव मेहरा, आणि मुसद्दीलालच्या भूमिकेत पंकज कपूर. या जोडीने १९९३ मध्ये 'जबान संभाल के' दिली होती. तिच्यात पंकज कपूर हिंदी शिकविणारे मास्तर होते आणि वर्गात साऱ्या मुलखाचे विद्यार्थी होते. 'ऑफिस ऑफिस'मध्ये वर्ग जाऊन कचेरी आली. खिडकीच्या आतल्या बाजूला पाच जण: मनोज पाहवांचा सदा खाण्यात गुंतलेला भाटिया, संजय मिश्रांचा तोंडात पान असलेला शुक्ला, देवेन भोजानींचा पटेल, हेमंत पांडे यांचा पांडे आणि आपल्या आसावरी जोशी यांच्या उषाजी. पुढे 'नया ऑफिस ऑफिस' या नावाने दुसरे पर्व आले. आणि ५ ऑगस्ट २०११ रोजी याच दिग्दर्शकाने, याच मंडळींना घेऊन केलेला 'चला मुसद्दी... ऑफिस ऑफिस' हा चित्रपट प्रदर्शित झाला. मालिकेवर जीव टाकणाऱ्यांनी त्याची वाट पाहिली होती. चित्रपटाने त्यांची निराशा केली. आमचीही केली. माणसे तीच, विषय तोच, विनोदाची जातही तीच असताना ही निराशा का व्हावी, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

आधी मालिकेची ताकद कशात होती ते पाहू. दर आठवड्याला मुसद्दीलाल एक साधे काम घेऊन निघे. कधी विजेचे, कधी टेलिफोनचे, कधी रुग्णालयाचे. कचेरी बदले, खाते बदले. पण टेबलामागे तीच पाच माणसे बसलेली असत, त्याच नावांनी आणि त्याच सवयींनी. वरवर पाहता ही काटकसर होती, दर भागाला नवे नट घेण्याचा खर्च वाचविण्याची. पण तिच्यातून जो अर्थ निघाला तो फार मोठा होता. सामान्य माणसाच्या अनुभवात सगळ्या कचेऱ्या एकच असतात. पाटी बदलते, टेबलामागचा चेहरा बदलत नाही. हे वाक्य मालिकेने एकदाही उच्चारले नाही, आणि ते प्रत्येक प्रेक्षकाला कळले.

दुसरी गोष्ट मालिकेच्या घडणीची. एखाद्या भागात मुसद्दीलालची सरशी झाली तरी ती त्या भागापुरती. पुढच्या आठवड्यात पुन्हा नवी खिडकी, नवी रांग, नवा अर्ज. मागचा अनुभव त्याच्या कामी येत नसे, कारण मागच्या खात्याची पावती पुढच्या खात्यात चालत नाही. आठवड्याच्या मालिकेला जो दोष मानतात, की गोष्ट पुढे सरकत नाही, तोच इथे आशय झाला होता. सरकारी कामात गोष्ट पुढे सरकत नाही, हेच तर सांगायचे होते.

आता चित्रपटाकडे वळू. इथला मुसद्दीलाल निवृत्त शिक्षक आहे. बेकार मुलगा बंटी (गौरव कपूर) आणि आजारी पत्नी (फरीदा जलाल) असा त्याचा संसार. डॉक्टरांच्या लोभापायी आणि हलगर्जीपणामुळे पत्नी दगावते. बापलेक तिच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी तीर्थयात्रेला निघतात, आणि तिथेही लुबाडणारे भेटतात. इकडे निवृत्तिवेतन खात्याची माणसे चौकशीला घरी येतात, दाराला कुलूप पाहतात आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मुसद्दीलालला मृत ठरवून मोकळी होतात. परत आल्यावर त्याला सिद्ध करायचे आहे ते इतकेच, की आपण जिवंत आहोत.

कल्पना वाईट नाही. उलट मालिकेच्या सबंध संसारातून एकच गोष्ट चित्रपटासाठी निवडायची असती तर आम्हीही हीच निवडली असती. वीज, पाणी, टेलिफोन यांचे अर्ज झाले. आता अस्तित्वाचाच अर्ज. म्हणून पहिला प्रश्न असा, की इतकी चांगली कल्पना हाती असताना चित्रपट तिच्यापाशी पोहोचायला एवढा वेळ का लावतो? रुग्णालय हा मालिकेचा एक भाग, तीर्थक्षेत्र दुसरा, निवृत्तिवेतन तिसरा. तीन भाग एकापुढे एक ठेवले म्हणून चित्रपट होत नाही. दोन तासांच्या गोष्टीत पहिल्या प्रसंगाचे ओझे शेवटच्या प्रसंगाने वाहावे लागते. इथे पत्नीचा मृत्यू निवृत्तिवेतनाच्या कचेरीत कुणाच्या ध्यानीमनीही उरत नाही.

पाच चेहऱ्यांची युक्तीही इथे उलटते. मालिकेत दोन रूपांच्या मध्ये आठवड्याचे अंतर होते. चित्रपटात तीच मंडळी थोड्या थोड्या वेळाने वेश बदलून समोर येतात. प्रेक्षकाचे लक्ष मग मुसद्दीलालवरून उडते आणि आता कोण कुठल्या वेशात येणार याकडे लागते. जिथे 'सगळ्या कचेऱ्या एकच' असे वाटायला हवे, तिथे 'नट तेच' एवढेच जाणवते.

त्याहून गंभीर दोष विनोदाच्या मात्रेचा आहे. कुणी म्हणेल, मृत्यूचा विषय आला की विनोद ओशाळणारच. आम्हाला हे पटत नाही. उर्दू वाचणाऱ्यांना कृष्ण चंदर यांची 'जामुन का पेड़' ही कथा ठाऊक आहेच. तिचा हिंदी पाठही देशभरच्या शाळांतून शिकविला गेला आहे. वादळात सचिवालयाच्या आवारातले जांभळाचे झाड पडते आणि त्याखाली एक माणूस दबतो. झाड बाजूला करायचे तर कोणत्या खात्याने, यावर फाईल फिरू लागते. व्यापार खाते, शेती खाते, फळबाग खाते. माणूस शायर निघाला म्हणून संस्कृती खाते. झाड परदेशी पंतप्रधानांनी लावलेले म्हणून परराष्ट्र खाते. अखेर मंजुरी येते तेव्हा माणूस संपलेला असतो. कथेच्या पहिल्या ओळीपासून त्याचा मृत्यू आपल्याला दिसत असतो आणि तरी आपण हसत असतो. हे कसे साधले? त्या कथेत कुणी लाच मागत नाही, कुणी दुष्ट नाही, कुणी तोंड वेडेवाकडे करीत नाही. प्रत्येक जण नियमाने वागतो. माळ्याला तर त्या माणसाची कीव येते, तो त्याला खाऊ घालतो. हसू येते ते नियमाचे, आणि म्हणून भीतीही नियमाचीच वाटते.

'चला मुसद्दी'मधली माणसे मात्र पहिल्या क्षणापासून लोभी, निर्दय आणि बोलघेवडी आहेत. मालिकेतला भाटिया खात बसे तेव्हा त्याच्यात आपल्या ओळखीचा कुणीतरी दिसे. कदाचित आपल्याच घरातला. तो राक्षस नव्हता, सुस्त होता. चित्रपटाने त्याला राक्षस केला. राक्षसावर रागावणे सोपे असते, कारण तो आपल्यातला नसतो. आपल्यातल्या माणसावर हसणे अवघड, आणि मालिकेने तेच केले होते.

तिसरा मुद्दा सत्याचा. कागदावर माणूस मरतो कसा? उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्याचे लाल बिहारी १९७५ ते १९९४ अशी एकोणीस वर्षे सरकारदप्तरी मृत होते. जमिनीसाठी नातलगाने अधिकाऱ्याला हाताशी धरून त्यांना मेलेले दाखविले होते. त्यांनी आपल्या नावापुढे 'मृतक' लावले, अशाच लोकांचा 'मृतक संघ' काढला आणि आपण जिवंत असल्याची कुठेतरी नोंद व्हावी म्हणून निवडणूकही लढविली. सतीश कौशिक यांनी २०२१ मध्ये त्यांच्यावरून 'कागज' हा चित्रपट केला; मुख्य भूमिकेत पंकज त्रिपाठी. 'कागज'ही निर्दोष नाही, पण त्याला एक गोष्ट कळली आहे. कागदावरचा मृत्यू हा कुणाच्या तरी फायद्याचा असतो. त्याच्यामागे जमीन असते, वारसा असतो, हिशेब असतो. मुसद्दीलालच्या मृत्यूने कुणाचा काय फायदा झाला? कुणाचाच नाही. एका शेजाऱ्याच्या बोलण्यावर सारा डोलारा उभा आहे, त्यामुळे तो प्रेक्षकाच्या मनात फार वेळ उभा राहत नाही.

निवृत्त शिक्षकाला ही गोष्ट घडते कशी, हे आमच्या पेशातल्या कुणालाही विचारता आले असते. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दर नोव्हेंबरमध्ये स्वतः हयातीचा दाखला द्यायचा असतो. 'हयात' हा आपलाच शब्द. जिंदगीला दाखला लागतो हे सांगायला सरकारनेही तोच निवडला. सत्तरी ओलांडलेली माणसे त्या महिन्यात बँकेच्या दारात उभी असतात. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्राने 'जीवन प्रमाण' ही संगणकीय सोय सुरू केली, तेव्हा अंगठा टेकवला की काम होईल असे वाटले. पण आयुष्यभर खडू आणि कुदळ धरलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र अंगठा ओळखत नाही. म्हणून २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय करावी लागली. अंगठा आहे, अंगठ्याचा मालक समोर उभा आहे, आणि तरी ओळख पटत नाही! या एका प्रसंगात जो विनोद आहे तो मुसद्दीलालच्या तोलाचा आहे. चित्रपटाने कचेरीच्या कामकाजात असे थोडे डोकावले असते तर त्याला आरडाओरडा करावा लागला नसता.

आता शेवट. प्रकरण न्यायालयात जाते, मुसद्दीलालचा संताप उसळतो आणि प्रेक्षकाला दिलासा देऊन चित्रपट संपतो. यामागचा काळ ध्यानात घ्यायला हवा. चित्रपट आला त्याच महिन्यात, १६ ऑगस्ट २०११ रोजी अण्णा हजारे यांचे लोकपालासाठीचे उपोषण दिल्लीत सुरू झाले आणि ते २८ तारखेला सुटले. हवेत राग होता, आणि चित्रपटाने तो ओळखला होता. तरीही आमचे मत असे, की मुसद्दीलालला जिंकवून चित्रपटाने त्याला गमावले. तो जिंकला म्हणजे गोष्ट संपली. प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जायला मोकळा. मालिकेचा प्रेक्षक असा मोकळा होत नसे. उद्या त्याच खिडकीपाशी आपल्याला उभे राहायचे आहे, आणि कदाचित त्याच खिडकीच्या आत आपलाच भाऊ बसलेला आहे, हे त्याला ठाऊक असे.

पंकज कपूर यांच्याबद्दल मात्र तक्रार नाही. राही मासूम रझा यांच्या 'नीम का पेड़'मधला बुधई ज्याने उभा केला, 'मकबूल'मधला (२००४) अब्बाजी ज्याने उभा केला, तो नट पत्नी गेल्यावरचा म्हातारा उभा करताना चुकत नाही. त्याची पडलेली मान, बोलताना मध्येच विझणारा आवाज, हे सारे खरे आहे. अडचण अशी, की त्याच्याभोवतीचे जग तेवढे खरे नाही.

हे सारे एका जुन्या चित्रपटाविषयी इतक्या विस्ताराने का लिहायचे? कारण मुसद्दीलालची गरज सरलेली नाही. माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला, महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ मध्ये आला. खिडकीच्या जागी पुष्कळ ठिकाणी संगणकाचा पडदा आला. पण कागदावरचे आपण आणि प्रत्यक्षातले आपण एकच आहोत, हे पटवून देण्याचे काम वाढलेच आहे. आमच्या शाळेच्या रजिस्टरात मुलाचे नाव उर्दूत एकाच तऱ्हेने लिहिलेले असते. देवनागरीत ते एका कागदावर महंमद, दुसऱ्यावर मोहम्मद, तिसऱ्यावर मुहम्मद होते. इंग्रजीत आणखी दोन-तीन. एका मुलाची चार माणसे होतात, आणि मग बापाला प्रतिज्ञापत्र करून सांगावे लागते की ही चारही आमची एकच औलाद आहे. यात कुणी खलनायक नाही. प्रत्येकाने आपल्या परीने बरोबरच लिहिले होते.

असल्या जगाला ओरडणारा चित्रपट पुरत नाही. त्याला हळू आवाजात, बारीक नजरेने पाहणारा विनोद लागतो. जांभळाच्या झाडाखाली दबलेल्या शायराचा, किंवा दर आठवड्याला नवा अर्ज हाती धरून निघणाऱ्या मुसद्दीलालचा. 'ऑफिस ऑफिस'चे जुने भाग आजही आवडीने पाहिले जातात. चित्रपटाचे नाव निघाले की लोकांना आठवते ती मालिकाच. आमच्या मते हा निकाल बरोबर आहे. ज्या मुसद्दीलालवर लोकांनी प्रेम केले, त्याचा अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे.