ब्लॅक पायरेट, द
ब्लॅक पायरेट, द : (१९२६). समुद्री चाच्यांच्या जीवनावरील अमेरिकन रंगीत मूकपट. दिग्दर्शक अ‍ॅल्बर्ट पार्कर. निर्मिती व प्रमुख भूमिका डग्लस फेअरबँक्स यांची असून, कथाही त्यांनीच ‘एल्टन टॉमस’ या टोपणनावाने लिहिली.

चाच्यांनी लुटलेल्या जहाजावरून एक तरुण उमराव आपल्या वृद्ध पित्यासह बेटावर पोहोचतो. तेथे पिता मरण पावतो. सूड घेण्यासाठी तरुण चाच्यांत सामील होतो. त्यांच्या नायकास द्वंद्वयुद्धात ठार करतो आणि एकट्याने एक व्यापारी जहाज काबीज करून दाखवितो. त्या जहाजावरील राजकन्येला (बिली डव्ह) वाचविताना मात्र तो संकटात सापडतो. हे कथानक सांकेतिकच आहे; राजकन्येच्या व्यक्तिरेखेला स्वतंत्र अस्तित्व जवळजवळ नाही. शिडात खंजीर खुपसून, ते फाडीत नायक वरून खाली घसरत येतो, यांसारख्या प्रसंगांतील फेअरबँक्स यांची चपळ, आनंदी हालचाल ही उणीव पुष्कळशी भरून काढते.

चित्रपटाचे खरे महत्त्व त्याच्या रंगयोजनेत आहे. तत्कालीन टेक्निकलर पद्धतीत तांबडा व हिरवा हे दोनच वर्णघटक नोंदले जात. शुद्ध निळा रंग त्यात उमटत नसे. सागरकथेस ही मोठीच अडचण होती. शिवाय रंगांमुळे प्रेक्षकांचे डोळे शिणतील व लक्ष विचलित होईल, अशीही भीती होती. फेअरबँक्स, कलादिग्दर्शक कार्ल ऑस्कर बोर्ग व छायाचित्रकार हेन्री शार्प यांनी भडक रंग टाळून जुन्या यूरोपीय तैलचित्रांसारख्या तपकिरी आणि मंद हिरव्या छटा योजिल्या. लाकूड, कातडे, शिडे व उन्हाने रापलेली शरीरे यांतून एकसंध वातावरण निर्माण झाले. तंत्राची मर्यादा येथे शैली बनली.

तंत्र मात्र टिकाऊ नव्हते. दोन पातळ फिती पाठीला पाठ चिकटवून प्रत तयार होई. प्रक्षेपकाच्या उष्णतेने ती वाकून पडद्यावरील चित्र अस्पष्ट होई. १९२८ मध्ये एकाच फितीवर रंग उतरविण्याची पद्धत आली व ही पद्धत मागे पडली.

१९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत या चित्रपटाचा समावेश झाला. रंग हा केवळ नवलाईचा विषय नसून आशयास पोषक असे दृश्यघटक आहे, हे इतक्या लवकर दाखवून देणारे चित्रपट थोडेच आहेत.