ठिपका उमटला, पुढे काय?

अनेक महाविद्यालयांच्या आणि काही जुन्या शाळांच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या तळाशी एखादा बंद पडलेला ऑसिलोस्कोप असतो. तो चालत नाही, पण जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद असल्यामुळे टाकूनही देता येत नाही. त्याच्या आतली कॅथोड किरण नळी पुष्कळदा शाबूत असते. अशा नळ्या भंगारातून सोडवायच्या, त्यांना नव्याने विद्युतपुरवठा जोडायचा आणि पडद्यावर पुन्हा हिरवा ठिपका उमटवायचा, हा आता देशोदेशींच्या हौशी मंडळींचा छंद झाला आहे. दूरचित्रवाणी संचांसाठी अशा नळ्या बनविणारे कारखाने बंद पडल्यापासून तर जुन्या नळ्यांचे मोल या मंडळींना अधिकच वाटू लागले आहे.

या छंदाचे आकर्षण आम्हालाही आहे. परंतु जो छंद वर्गापर्यंत आणायचा, तो आधी तपासून घ्यावा लागतो. ठिपका उमटला की नळी दुरुस्त झाली, असे बहुतेक हौशी मंडळी मानतात. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. ज्या नळीवर एखादी राशी मोजता येते आणि त्या मोजमापातील चूकही सांगता येते, तीच नळी दुरुस्त झाली असे आम्ही म्हणू. या कसोटीवर या छंदातील काही रूढ पद्धती तपासून पाहू.

प्रथम छंदाची जमेची बाजू. पाठ्यपुस्तकातील आकृतीत एक ऋणाग्र, एक धनाग्र, दोन पट्ट्या आणि त्यांमधून वळणारी एक रेघ असते. सर्व काही पहिल्याच प्रयत्नात घडले असावे असे ती पाहून वाटते. प्रत्यक्षात हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८३ मध्ये कॅथोड किरण विद्युतक्षेत्राने वळविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा किरण वळले नाहीत. त्यांच्या नळीत वायू बराच शिल्लक होता. त्याचे आयन पट्ट्यांपाशी जमत आणि पट्ट्यांमधले क्षेत्र जवळजवळ नाहीसे करीत. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये अधिक चांगली निर्वात पोकळी साधली आणि किरण वळले. त्याच वर्षी स्ट्रासबुर्ग येथे फेर्डिनांड ब्राउन यांनी बदलत्या प्रवाहाचा आलेख दाखविणारी नळी तयार केली. एकाच वर्षी एकाने किरणांचे स्वरूप शोधले आणि दुसऱ्याने त्याच किरणांचे मापनयंत्र बनविले. या साऱ्या कथेच्या मुळाशी निर्वात पोकळीचा प्रश्न होता. आकृतीत पोकळी दिसत नाही. जुनी नळी हाताळणाऱ्याला मात्र सर्वांत आधी तिचाच विचार करावा लागतो.

उदाहरणादाखल फिलिप्सची डीजी ७-३२ ही नळी घेऊ. हौशी मंडळींमध्ये ती चांगली परिचित आहे. नावातच तिची ओळख आहे : ‘डी’ म्हणजे विद्युतक्षेत्राने विचलन होणारी, ‘जी’ म्हणजे हिरव्या पडद्याची आणि ७ म्हणजे पडद्याचा व्यास ७ सेंटिमीटर. तिच्या तापतारेला ६.३ व्होल्टवर ०.३ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे तापलेल्या तारेचा रोध २१ ओहम असतो. थंड तारेचा रोध साध्या मल्टिमीटरने मोजला, तर तो याहून पुष्कळच कमी भरतो. तापमानाबरोबर धातूचा रोध वाढतो, हा धडा येथे एका मिनिटात होतो. काचेच्या आत शोषक धातूचा डाग असतो. तो चंदेरी असेल तर पोकळी टिकून असण्याची आशा धरावी. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, आणि पुढे खटपट करण्यात अर्थ नाही.

आता दोष पाहू. पहिला दोष धोक्याच्या समजुतीबद्दलचा आहे. तापतारेवर ६.३ व्होल्ट लिहिलेले पाहून नवशिका निर्धास्त होतो. परंतु ऑसिलोस्कोपच्या नळीत विचलन पट्ट्या जमिनीच्या विभवाजवळ ठेवणे सोयीचे असते, म्हणून ऋणाग्रालाच मोठे ऋण विभव देतात. या नळीत ते सुमारे ५०० व्होल्ट असते, मोठ्या नळ्यांत हजार-दोन हजार. तापतार ऋणाग्राशी जोडलेली असते. तेव्हा तिच्या दोन टोकांमध्ये ६.३ व्होल्टच असले, तरी जमिनीच्या तुलनेत दोन्ही टोके प्राणघातक विभवावर असतात. तेजाची आणि केंद्रीकरणाची बटणे ज्या रोधांवर बसविलेली असतात, तेही तसेच. विभव नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजावे लागते, हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो, पण येथे ते विसरले तर जीव जाऊ शकतो. हौशी लेखनात जोडणीच्या आकृत्या भरपूर असतात; हा इशारा मात्र अनेकदा शेवटच्या ओळीत उरकलेला असतो. तो पहिल्या ओळीत असला पाहिजे.

दुसरा दोष ‘नवजीवन’ या नावाखाली चालणाऱ्या उपचाराचा. नळी मंद झाली की तापतारेला नेहमीपेक्षा जास्त व्होल्ट द्यायचे आणि ऋणाग्रातून जबरदस्तीने मोठा प्रवाह ओढायचा, अशी एक युक्ती आहे. ऋणाग्रावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडचा लेप असतो. त्याचा वरचा निकामी थर या उपचाराने निघतो आणि नळी काही काळ उजळते. पण लेप पुन्हा भरून येत नाही. जे शिल्लक होते तेच आपण झपाट्याने खर्च करतो. कधीकधी तारच तुटते आणि सत्तर वर्षे टिकलेली नळी एका क्षणात संपते. उजळलेल्या पडद्याचे छायाचित्र सर्वांना दाखविले जाते, सहा महिन्यांनंतरचे सहसा दाखविले जात नाही. मंद नळी अंधाऱ्या खोलीत पाहावी आणि तिच्यावर मंद ठिपक्यानेच मोजमाप करावे, हा मार्ग आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो. ठिपका एकाच जागी तेजस्वी ठेवला तर पडद्याचा लेप कायमचा जळतो, या दृष्टीनेही मंदपणा बरा.

तिसरा दोष सौंदर्याच्या आवडीतून येतो. नळीची काच, आतली चकचकीत रचना आणि तापलेल्या तारेचा नारिंगी प्रकाश दिसावा म्हणून हौशी कारागीर तिच्याभोवतीचे धातूचे वेष्टन काढून टाकतात आणि नळी लाकडी बैठकीवर उघडी बसवितात. हे वेष्टन निकेल व लोखंडाच्या खास मिश्रधातूचे असते आणि बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अडविणे हे त्याचे काम असते. ते काढले की जवळच्या ट्रान्स्फॉर्मरच्या क्षेत्राने रेघ थरथरू लागते. मग तक्रार नळीच्या वयाची केली जाते.

परंतु उघडी नळी एक उत्तम प्रयोगही देते, आणि तो करून पाहिल्याचे वर्णन क्वचितच वाचायला मिळते. ५०० व्होल्टमधून आलेल्या इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे १३,००० किलोमीटर असतो. आपल्या किनाऱ्यावर अलिबागजवळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. या क्षेत्रात त्या इलेक्ट्रॉनचा मार्ग जवळजवळ २ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा भाग होतो. इलेक्ट्रॉन तोफेपासून पडद्यापर्यंतचे अंतर १२ सेंटिमीटर धरले, तर अंतराच्या वर्गाला त्रिज्येच्या दुपटीने भागून ठिपक्याचे सरकणे मिळते. ते साडेतीन ते चार मिलिमीटर भरते. पडदा पूर्वेकडे असेल तर ठिपका खाली सरकतो, पश्चिमेकडे वळविल्यावर वर. दोन्ही स्थितींतील फरक सुमारे ७ मिलिमीटर येतो आणि तो साध्या पट्टीने मोजता येतो.

या फरकावरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर काढता येते. थॉमसन यांनी काढले तेच. मात्र त्या सूत्रात अंतराचा चौथा घात येतो. म्हणून अंतर मोजताना ५ टक्के चूक झाली, तर उत्तर सुमारे २० टक्क्यांनी चुकते. काचेच्या आतले अंतर बाहेरून नेमके मोजणे कठीण असल्याने ही चूक टाळता येत नाही; पण ती किती, हे सांगता येते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला हे जितके शिकवून जाते, तितके नळीवर नाचणारे घड्याळ शिकवीत नाही.

अलिबागचा उल्लेख वर सहज आलेला नाही. कुलाब्याचे चुंबकीय मापनाचे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले, कारण मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रॅम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहांनी नोंदी बिघडल्या असत्या. उघड्या नळीशेजारी ट्रान्स्फॉर्मर ठेवणाऱ्याची अडचण त्याच जातीची आहे. वेधशाळेने तेव्हा जागा बदलली. आपल्याला ट्रान्स्फॉर्मर निदान हातभर दूर नेता येतो.

घड्याळाचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दलही न्यायाने बोलले पाहिजे. आकडे आणि काटे वर्तुळांच्या तुकड्यांतून रेखाटण्याची जी पद्धत आहे, तिच्यात दोन ज्या-तरंग एकमेकांना काटकोनात मिळविले जातात. ती लिसाजूच्या आकृत्यांचीच उपयोजना आहे आणि समजून केली तर सुंदर आहे. आमचा आक्षेप तयार मंडल विकत आणून चार तारा जोडण्याला आहे. त्यात नळीच्या जागी दुसरा कोणताही पडदा असता तरी काही बिघडले नसते. येथे कोणी म्हणेल, हौस ही हौस आहे, तिला परीक्षेला कशाला बसविता? हे म्हणणे घरापुरते मान्य आहे. पण शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तीच वस्तू ‘प्रकल्प’ म्हणून मांडली जाते, तेव्हा विद्यार्थ्याने काय शोधले हे विचारण्याचा शिक्षकाला अधिकार आहे.

शेवटी एक स्पष्ट सूचना. घरातल्या जुन्या दूरचित्रवाणी संचाची पिक्चर ट्यूब या छंदासाठी शाळेत कोणीही उघडू नये. रंगीत संचात तिला वीस हजारांहून अधिक व्होल्ट दिलेले असतात. तिच्या काचेच्या आतले व बाहेरचे लेप मिळून एक धारित्र बनते आणि संच बंद केल्यावरही ते भार धरून ठेवते. पडद्यावर हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो; ४० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच पडद्यावर तो एक टनाहून जास्त होतो. अशी काच फुटली तर आधी आत कोसळते आणि मग तुकडे बाहेर उडतात. लहान नळीवरही सुमारे ४० किलोग्रॅमचा दाब असतोच. तेव्हा जोडणीचे काम या विषयाच्या जाणकारानेच करावे, जोडण्या झाकलेल्या असाव्यात, आणि विद्यार्थ्यांच्या हाती पट्टी व वही असावी.

ज्यांच्याकडे चालू ऑसिलोस्कोप आहे, त्यांना तर तो उघडण्याचेही कारण नाही. ठिपका मंद करून मध्यावर आणावा आणि एक पट्टीचुंबक बाहेरून हळूहळू जवळ न्यावा. वेष्टन असूनही चुंबक पुरेसा जवळ आला की ठिपका सरकतो. किती अंतरावर किती सरकला, याची सारणी विद्यार्थ्यांनी करावी. बंद पडलेल्या नळीचाही उपयोग आहे. तिच्याशेजारी एक कार्ड ठेवावे : नळीचे नाव, थंड तापतारेचा रोध, शोषकाच्या डागाचा रंग, तपासणीची तारीख. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी तीच मोजणी पुन्हा करावी आणि खाली आपली ओळ लिहावी.