‘स्मृतिचित्रे’तील शेजारी

दर तीन वर्षांनी, सामान्य काळातील पंधराव्या रविवारी, दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त मिस्सेत वाचला जातो. देवावर पूर्ण अंतःकरणाने आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही आज्ञा आम्ही त्या निमित्ताने अनेकदा विशद केली आहे. आमचा सारा भर नेहमी देणाऱ्या हातावर राहिला. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना त्या प्रवचनांत काहीतरी राहून गेल्याचे जाणवू लागले.

१९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रातील विनोदाची आणि अनलंकृत भाषेची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. तीत आम्ही भर घालीत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणून की काय, आपल्या कॅथलिक घरांत हा ग्रंथ क्वचितच आढळतो. नुकसान अर्थातच आपले आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी लहानग्या दत्तूसह नातलगांकडे होत्या. पुढे कित्येक वर्षांची ताटातूट झाली. सदसद्विवेकाची हाक ऐकणे टिळकांना भागच होते, असे धर्मगुरू या नात्याने आम्ही निःशंकपणे म्हणू. परंतु हिशेब तेथेच मिटविण्यास हा ग्रंथ तयार नाही. पहिली आज्ञा पाळताना दुसऱ्या आज्ञेतला सर्वांत जवळचा शेजारी उंबरठ्यावर रडत उभा राहिला, तर काय? शास्त्री येशूला ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारतो, तेव्हा पत्नीचे नाव त्याच्या मनातही आले नसावे.

टिळकांच्या औदार्याचे प्रसंग लक्ष्मीबाई मिस्कीलपणे सांगतात आणि वाचक हसतो. आम्हीही हसलो. मग दृष्टान्तातील एक बारकावा आठवला. शोमरोन्याने तेल आणि द्राक्षारस स्वतःचा ओतला, जनावर स्वतःचे दिले, दोन दिनार स्वतःच्या कमरेचे काढले. हाती आलेला पैसा गरजूला देऊन टिळक रित्या हातांनी घरी परतत, तेव्हा ते दिनार कोणाच्या कमरेचे होते? दुष्काळातली पोरकी मुले घरी आली, ती दयाबुद्धी दोघांची. पण त्यांची चूल फुंकणारे हात कोणाचे? हे प्रश्न लक्ष्मीबाई उघडपणे विचारीत नाहीत. त्या फक्त प्रसंग मांडतात. पतीचा दोष झाकीत नाहीत, त्याच्यावरची माया आवरीत नाहीत. त्यांना सोशीक पतिव्रता ठरविणारे आणि केवळ गमतीदार बाई मानणारे, असे दोन्ही प्रकारचे वाचक या तोलाला मुकतात.

आमच्या मते टिळकांची खरी शेजारप्रीती त्यांच्या दानात नव्हे, तर निराळ्या ठिकाणी दिसते. बाजारातून आलेले जिन्नसही धुऊन घेणाऱ्या वडिलांची ही लेक पतीकडे परतली, ती आपले सोवळे घेऊनच. टिळकांनी तिला वेगळी चूल मांडू दिली. तापट, उतावळा हा कवी येथे मात्र थांबला. जातिभेद माणसाने केला की देवाने, याचा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतः केला, स्वतःच निकाल लावला, आणि मग कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. एखाद्याला त्याच्या गतीने देवाकडे येऊ देणे हे पैसा देण्याहून अवघड आहे, हे आम्ही पौरोहित्याच्या अनुभवावरून जाणतो. आम्हास ते नेहमी साधले आहे असे नाही.

ग्रंथात एक उणीव आम्हास जाणवते. बाईंची प्रार्थना कशी होती, हे फारसे कळत नाही. जातीचा पीळ सुटला तो प्रसंग ठसठशीत आहे, पण प्रभू येशूशी त्यांचे नाते कसे जुळत गेले, याविषयी त्या हात आखडता घेतात. सेमिनरीत शिकलेल्या वाचकाला हे खटकणारच. कदाचित ते त्यांना मिरवायचे नसावे.

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील एका बाईने आम्हास विचारले होते, “फादर, आमचे हे दर रविवारी गरिबांच्या घरी धान्य पोहोचवतात, ते चांगलंच. पण आमच्या घरचं दळण कोणी आणायचं?” आम्ही हसून विषय बदलला होता. गेल्या महिन्यात आमची ‘स्मृतिचित्रे’ची प्रत तिला वाचावयास दिली. ती अद्याप परत आलेली नाही.