गंध, वर्ण आणि वाचा : 'अय्या'तील अन्यतेचा प्रश्न

प्रणयप्रधान सुखात्मिका हा रूपबंध वरकरणी निरुपद्रवी वाटतो. दोघांची भेट होते, अडथळे येतात, ते दूर होतात आणि शेवटी मांडवात सारे एकत्र येतात. नॉर्थ्रप फ्राय यांनी १९५७ साली 'अ‍ॅनॅटमी ऑफ क्रिटिसिझम'मध्ये सुखात्मिकेच्या या शेवटाकडे केवळ कथानकाची समाप्ती म्हणून पाहिले नाही. जुन्या समाजाच्या जागी नवा, अधिक समावेशक समाज आकारास येतो, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. ही दृष्टी स्वीकारली तर भिन्न वंशाच्या स्त्री-पुरुषांच्या प्रेमावरील सुखात्मिकेला एक प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते : या मांडवात 'अन्य' व्यक्तीला प्रवेश मिळतो तो कोणत्या अटीवर?

भारतीय संदर्भात 'वंश' ही संज्ञा सावधपणे वापरावी लागते. 'द्राविड' ही संज्ञा रॉबर्ट कॉल्डवेल यांच्या १८५६ सालच्या तौलनिक व्याकरणामुळे रूढ झाली ती एका भाषाकुलाचे नाव म्हणून. पुढे भाषेचा भेद हा रक्ताचा भेद मानला गेला आणि त्वचेचा वर्ण ही त्याची दृश्य खूण ठरली. ही कल्पना शास्त्रीय कसोटीवर टिकत नसली, तरी लोकव्यवहारात आणि चित्रपटात ती जिवंत आहे. सचिन कुंडलकर यांचा 'अय्या' (२०१२) हा हिंदी चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

'अय्या'चे मूळ कुंडलकरांच्याच 'गंध' (२००९) या मराठी चित्रपटातील 'लग्नाच्या वयाची मुलगी' या पहिल्या कथेत आहे. विवाह जुळत नसलेली, कला महाविद्यालयात नोकरी करणारी तरुणी एका विद्यार्थ्याच्या अंगाच्या गंधाने ओढली जाते आणि त्या गंधाचा उगम उदबत्तीच्या कारखान्यात सापडतो, हे आशयसूत्र दोन्हीकडे समान आहे. तमिळ-मराठी भेद ही मात्र हिंदी रूपांतरातील भर आहे. मीनाक्षी देशपांडे (राणी मुखर्जी) आता ज्याच्यामागे जाते तो सूर्या (पृथ्वीराज) हा तमिळ आहे. ही भर रंजनापुरती मानून सोडून देता येत नाही, कारण तिच्यामुळे गंधाचा अर्थच पालटतो. मूळ कथेत गंध हे एका व्यक्तीचे वैशिष्ट्य होते. येथे तो एका समूहाच्या अन्यतेचे चिन्ह होऊ पाहतो.

चित्रपटाचे श्रेय आधी नोंदविले पाहिजे. आपल्या चित्रपटांत पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री हा संकेत इतका रुळलेला आहे की त्याची उलटापालट हीच एक घटना ठरते. मीनाक्षी पाहते, हुंगते, पाठलाग करते, स्वप्ने रचते. तिची वासना विनोदाचे निमित्त होते, उपहासाचे लक्ष्य होत नाही. गोऱ्या वर्णाची महती सांगणाऱ्या समाजात सावळी पुरुषत्वाची कांती अभिलाषेचा विषय व्हावी, यातही एक वेगळेपण आहे.

परंतु या उलटापालटीची किंमत कोण देतो, हे पाहिल्यावर चित्र बदलते. मीनाक्षीच्या घरात सारे अखंड बोलत असतात. आई (निर्मिती सावंत), वडील (सतीश आळेकर), आंधळी आजी (ज्योती सुभाष) आणि भाऊ (अमेय वाघ) यांच्या विक्षिप्तपणाला शब्द आहेत, लय आहे. सूर्या मात्र चित्रपटाचा बराच मोठा भाग जवळजवळ अबोल राहतो. त्याच्या वाट्याला देह आहे, गंध आहे, त्याच्याविषयीच्या वावड्या आहेत, वाचा नाही. मराठी विक्षिप्तपणा व्यक्तिगत ठरतो आणि तमिळपण ऐंद्रिय होते. पृथ्वीराज हे मुख्यतः मल्याळम चित्रपटसृष्टीतील नट आहेत, हा तपशीलही येथे बोलका आहे. हिंदी पडद्यावर 'दक्षिण' हा एकच अविभक्त प्रदेश असतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की, 'ड्रीमम वेकपम' या गीतातील भडक दाक्षिणात्य थाट हे जाणीवपूर्वक केलेले विडंबन आहे. तो आक्षेप रास्त आहे. मीनाक्षीचा दक्षिणेशी परिचय चित्रपटांतूनच झालेला आहे, म्हणून तिच्या स्वप्नातील दक्षिण ही पडद्याची उसनवारी आहे, हे त्या गीतातून सूचित होते. प्रश्न त्यानंतरचा आहे. विडंबनाने भ्रम उघडा पाडल्यावर त्या जागी माणूस उभा राहावा लागतो. सूर्याचा अंतर्भाग उलगडण्यास मात्र फार उशीर होतो, आणि गंधाचे रहस्य उकलले म्हणजे माणूस उकलला, असे गृहीत धरले जाते.

याउलट के. बालचंदर यांच्या 'एक दूजे के लिए' (१९८१) मध्ये भाषा हाच अडथळा आणि भाषा हेच प्रेमाचे साधन आहे. हिंदी न येणारा वासू हिंदी चित्रपटांची नावे गुंफून उद्वाहकात गीत गातो. त्याची वाचा तोकडी आहे, पण ती त्याची आहे. तो चित्रपट शोकांत आहे. स्टॅन्ली क्रेमर यांच्या 'गेस हूज कमिंग टू डिनर' (१९६७) या अमेरिकी सुखात्मिकेत दुसरे टोक दिसते : कृष्णवर्णीय नायक मांडवात यावा म्हणून त्याला जगद्विख्यात, निर्दोष डॉक्टर व्हावे लागते. तेथे अट निर्दोषत्वाची आहे, तर 'अय्या'त मौनाची.

मराठी परंपरेत याला पर्याय नाही असे नाही. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे माहेर. त्यांचे पती शहाजीराजे यांची दुसरी शाखा व्यंकोजीराजांपासून तंजावरला नांदली. व्यंकोजींचे पुत्र शाहजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्या 'पंचभाषाविलास' या नाटकात वेगवेगळ्या प्रदेशांच्या राजकन्या कृष्णावर अनुरक्त होतात आणि प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलते : तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी. त्यातील स्त्री-पुरुषसंबंध आजच्या दृष्टीने समतेचे नाहीत, हे खरे. परंतु तमिळ राजकन्येला तमिळ बोलता येते. तिचे तमिळपण तिच्या त्वचेत कोंडलेले नाही.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली आप्तसंबंधांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले होते. मामाच्या मुलीशी विवाहाची दाक्षिणात्य रीत अनेक मराठी जातींत आहे, हे त्यामागील एक कारण. तमिळ वर हा मराठी घराला वाटतो तेवढा परका नाही. उलट हिंदी प्रेक्षकापुढे मराठी घर स्वतःच एक कुतूहलवस्तू झाले आहे. चित्रपटाचे शीर्षकच मराठी बायकांच्या लकबीचे प्रदर्शन मांडते. जो स्वतः कुणाचा तरी 'अन्य' आहे, त्याने आपल्याहून दक्षिणेला दुसरा अन्य शोधावा, हा या चित्रपटाचा न ओळखलेला विषय आहे.

शीर्षकातच त्याची शक्यता दडलेली होती. 'अय्या' हा मराठीत आश्चर्याचा उद्गार आहे. तमिळमध्ये तेच उच्चारण पुरुषाला आदराने संबोधण्यासाठी वापरतात. उद्गाराला समोर कुणी असावे लागत नाही. संबोधनाला ऐकणारा लागतो, आणि त्याने उत्तर द्यावे अशी अपेक्षाही असते. मीनाक्षीचा प्रवास पहिल्या अर्थापासून दुसऱ्या अर्थापर्यंत झाला असता, तर मांडवात खरोखरच नवा समाज उभा राहिला असता. चित्रपट उद्गारापाशी थांबतो.